ताजी मासळी पाटी वाचून मिळत नाही

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या एका तरुणाने विचारलं आहे: "काकाजी, धान विकून झालं की आम्ही पाच जण कोकणात चाललो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, पाच दिवस. आम्ही सगळे नदी-तलावाची मच्छी खाणारे, समुद्राची कोणीच खाल्ली नाही. ताजी मच्छी कुठं भेटते? आणि तिथले मच्छीमार जिथं बसतात तसा बार पाहिजे, टुरिस्टवाला नको. सांगा जरा."

सांगतो. मी पवनीकडचा ढिवर, म्हणजे आपल्याकडचा तलावाचा मच्छीमार. बापाचं आयुष्य मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, डोंग्यात गेलं. माझी एकोणीस वर्षं रत्नागिरी, हर्णै आणि मालवणच्या धक्क्यांवर मासळी विकत घेऊन नागपूरच्या बाजारात पाठवण्यात गेली. आता साकोली रोडवर छोटी खानावळ आहे आणि वर्षातून एकदा मी अजूनही तिकडे जातो, फक्त खायला.

सगळ्यात आधी तारीख बदला. नाताळ ते एक जानेवारी हा कोकणात मासळी खायचा सगळ्यात वाईट आठवडा आहे. समुद्रात मासळी कमी असते असं नाही, खाणारी तोंडं दसपट होतात. खानावळवाल्याला रोज जितकी ताजी मिळते त्याच्या कितीतरी पट ताटं लावायची असतात, मग डीप फ्रीजर उघडतो. वर भाव दुप्पट आणि खोली मिळत नाही ते वेगळंच. धान विकायला तसाही उशीर होतोच, तर दहा जानेवारीनंतर निघा. हवा थंड, समुद्र शांत आणि धक्क्यावर मच्छीमाराला तुमच्याशी चार शब्द बोलायला वेळ.

आणि चुकूनही जून-जुलैत जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून हंगाम खऱ्या अर्थाने सुरू होतो. मी धंद्यात नवीन असताना जुलैत एका किनाऱ्यावरच्या हॉटेलात बसलो होतो. वेटर म्हणाला, "एकदम फ्रेश पापलेट." मीही ऐटीत मागवलं. ताटात आलं ते मे महिन्यातलं होतं, जिभेवर ओल्या पुठ्ठ्यासारखं लागलं. चूक माझीच. आपल्या तलावात पाणी नसताना कोणी ताजी रोहू विकायला आला तर आपण हसतो ना? तिथे मी हसलो नाही, पैसे दिले.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. ताजी मासळी कुठे, असं तुम्ही विचारलं. मी म्हणेन, किती वाजता, कुठल्या होडीची, हे विचारा. समुद्र समोर दिसतो म्हणून ताटातली मासळी आजची असते असं काही नाही. मोठा ट्रॉलर खोल समुद्रात गेला की कित्येक दिवस परतत नाही. पहिल्या दिवशी पकडलेला मासा बर्फाखाली पडून असतो आणि धक्क्यावर उतरतो तेव्हा तो चार-पाच दिवसांचा झालेला असतो. तो वाईट नसतो, बर्फ नीट घातला असेल तर चांगलाच असतो. नागपूरला मी तोच पाठवायचो. पण तुम्ही हजार किलोमीटर जाऊन तोच खाणार असाल तर नागपूरलाच खा, भाडं वाचेल. तुम्हाला पाहिजे ती छोटी होडी, जी रात्री किंवा पहाटे जाळं टाकते आणि त्याच दिवशी किनाऱ्याला लागते. तिच्यात कमी मासळी असते, मिसळ असते, पण ती आजची असते.

म्हणून मी तुम्हाला मालवणला पाठवतो. रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर फार मोठं, पाहायला जबरदस्त, पण तिथला कारभार ट्रॉलरचा आणि टनांचा. मालवणात अजून लहान होड्यांची मासेमारी जिवंत आहे. गाबीत समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ती करतात. शिवाय त्या पट्ट्यात रापण पाहायला मिळते. रापण म्हणजे लांबच लांब जाळं होडीने समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांनी वीस-तीस माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचं. आपल्याकडे तलाव आटत आला की सगळं गाव मिळून पाण्यात उतरतं, साधारण तसाच देखावा. रापण ओढताना दिसली तर नुसते फोटो काढत उभे राहू नका, दोराला हात लावा. मासळीचे वाटे पडतात आणि ओढणाऱ्या पाहुण्यालाही पुष्कळदा चार बांगडे मिळतात. मला मिळाले आहेत. ते कुठल्याही घरगुती खानावळीत नेऊन दिले की थोडे पैसे घेऊन तळून देतात. त्या बांगड्यांची चव कुठल्याही पापलेटला येणार नाही.

तुम्ही पुढच्या वेळी समृद्धीने मुंबईच्या बाजूने उतरणार असाल तर हर्णै. दापोली तालुक्यातलं बंदर, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. तिथे होड्या थोड्या आत नांगर टाकतात आणि उथळ पाण्यातून बैलगाड्या मासळी वाहून वाळूवर आणतात. दुपार कलल्यावर वाळूतच लिलाव सुरू होतो. बैल कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभे असलेले मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा लिलाव विसरून तेच बघत राहिलो होतो. ज्याच्या घरी बैलजोडी आहे त्याला हे पाहताना काय वाटतं ते बाकीच्यांना कळायचं नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसते. समुद्र एकच असला तरी सगळीकडे सगळी मासळी नसते. बोंबील मुख्यतः मुंबईच्या आसपास आणि त्याच्या उत्तरेला, गुजरातपर्यंत. मोठं, जाड पापलेट म्हटलं की पालघरकडचं सातपाटी. मांदेली मुंबई-रायगडकडची. जिताडा खायचा तर अलिबाग-पेणच्या खाडीपट्ट्यात. मालवणात बसून तुम्ही "बोंबील फ्राय" मागवलात तर तो बाहेरून आलेला, बर्फातला, किंवा मागच्या महिन्यातला. पापलेट २०२३ साली आपल्या राज्याचा मासा म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून ज्याला त्याला तेच पाहिजे असतं. मालवणात जाऊन बांगडा, पेडवे, मुडदुशी, सौंदाळे, सुरमई, कोळंबी, मोरी, तिसऱ्या म्हणजे शिंपले, कुर्ल्या म्हणजे खेकडे, हे खा. मोरी म्हणजे लहान शार्क. नावाने घाबरू नका. तिच्यात काटा नसतो, मऊ कूर्चा असते, आणि मोरीची आमटी भातावर घेतली की मटण विसराल.

ताजी कशी ओळखायची हे तुम्हाला मी शिकवायचं म्हणजे ढिवराच्या पोराला पोहायला शिकवण्यासारखं आहे. फक्त फरक तेवढे सांगतो. डोळा फुगीर आणि चकचकीत पाहिजे, खोल गेलेला, दुधाळ नको. गलफडं उचलून बघा, तिकडे कल्ले म्हणतात, लाल पाहिजेत. बोटाने दाबलं की मांस वर यायला पाहिजे. शेपटीला धरून आडवा धरला तर बांगडा लोंबता कामा नये. ताजा बांगडा लाकडासारखा ताठ असतो. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट असावं आणि काळं पडलेलं नसावं. तिसऱ्या उघड्या असतील तर टिचकी मारा. जिवंत असेल ती शिंप मिटते, मिटत नाही ती फेकायची. कुर्ली हातात घेऊन वजन बघायचं. आकाराच्या मानाने जड ती भरलेली. अमावास्येच्या सुमाराला कुर्ल्या भरलेल्या असतात आणि पौर्णिमेला पोकळ, असं कोकणात जो-तो सांगतो. मी मात्र तिथीपेक्षा हाताच्या वजनावर विश्वास ठेवत आलो.

वासाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या लोकांची खरी अडचण तिथे आहे. आपल्याकडचे पुष्कळ जण म्हणतात, "समुद्राची मच्छी नको बाप्पा, वास मारते." भाऊ, तो वास समुद्राचा नाही, वयाचा आहे. समुद्रातल्या माशाच्या मांसात एक द्रव्य असतं, खाऱ्या पाण्यात टिकून राहायला त्याला ते लागतं. मासा मेला की जिवाणू त्याच द्रव्याचं उग्र वासाच्या पदार्थात रूपांतर करतात. जितके दिवस जास्त तितका वास जास्त. गोड्या पाण्यातल्या माशात ते द्रव्य नसल्यासारखंच असतं, म्हणून आपल्या रोहूची दुसऱ्या दिवशीही तशी घाण येत नाही, तिला फार तर चिखलाचा मातकट वास येतो. तुम्ही आजवर जो "समुद्राचा वास" घेतला तो नागपूर, भंडाऱ्यापर्यंत पोचलेल्या पेटीचा होता. पहाटेच्या होडीतला बांगडा नाकाजवळ धरा. कापलेल्या काकडीसारखा, ओल्या वाळूसारखा वास येतो, बस. तुमच्यातला जो सगळ्यात जास्त नाक मुरडतो त्याला हे आधी करायला लावा.

एका बाबतीत मात्र आपला तलावाचा अनुभव दगा देतो. बांगडा, पेडवे, सुरमई, कुपा हे मासे उन्हात, बर्फाशिवाय काही तास राहिले की त्यांच्यात असं विष तयार होतं जे शिजवूनही जात नाही. दिसायला मासा ठीक असतो. एकदा येताना मी घरच्यांसाठी थर्माकोलच्या पेटीत बांगडे आणले. गाडीला उशीर झाला, वाटेत बर्फाचं पाणी झालं, आणि मी म्हटलं, गार तर आहे. घरी रस्सा केला. अर्ध्या तासात चौघांचे चेहरे लालभडक, अंगावर चट्टे, डोकं ठणकायला लागलं. बायको म्हणाली मसाला बाधला. मसाल्याचा काही दोष नव्हता. संध्याकाळपर्यंत उतरलं, पण त्या दिवसापासून ओली मासळी मी घरी आणत नाही. तुम्हीही आणू नका. आणि धक्क्यावर उन्हात पडलेला वाटा दुपारी स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका.

कोळंबी आणि कुर्ल्यांबद्दलही एक सांगून ठेवतो. तलावाचे झिंगे ज्याला आतापर्यंत कधी बाधले असतील, ओठ सुजले असतील, खाज सुटली असेल, त्याने तिकडे कोळंबी-कुर्लीला हात लावू नये. बाकीच्यांनीही पहिल्या दिवशी थोडंच खावं.

आता खायचं कसं. मालवणात बोर्डावर "घरगुती खानावळ" लिहिलेलं दिसेल, घराच्या पडवीत चार-सहा टेबलं. जेवायची वेळ दुपारची धरा, साडेबारा ते दीड. सकाळी आलेली मासळी दुपारच्या ताटात जाते, उरलेली रात्री. चांगल्या ठिकाणी दोनच्या पुढे "संपलं" असं ऐकायला मिळतं, आणि ते ऐकून वाईट वाटून घेऊ नका, तीच त्या खानावळीची परीक्षा आहे. रात्री दहालाही पंधरा प्रकारचे मासे "आहेत, आहेत" म्हणणारा माणूस फ्रीजर विकतो आहे.

बसल्यावर मेनू कार्ड मागू नका. "मावशी, आज काय आलंय?" एवढंच विचारा. ती जे आधी बोलेल ते घ्या, तुमच्या मनातलं नव्हे. शक्य असेल तर "कच्चं दाखवता का?" म्हणा. चांगली माणसं राग धरत नाहीत, उलट ताट घेऊन बाहेर येतात. सुरमई, पापलेट, शेवंड (लॉबस्टर) यांचा दर बहुतेक ठिकाणी आकारावर असतो, कार्डावर आकडाच नसतो. तळायच्या आधी भाव विचारायचा. नंतर विचारलात तर भांडण, आणि ते तुम्हीच हरणार. बांगड्याच्या ताटाला असली भानगड नाही. एक तळलेला, एक वाटी कालवण, भात, पोळी किंवा भाकरी, सुकटीचं किसमूर आणि सोलकढी. पोट भरतं आणि खिसाही शाबूत राहतो.

तिखटाचं आधीच सांगतो. तुम्ही सावजी रश्श्यावर वाढलेले. वर लाल तर्री तरंगली नाही तर आपल्याला जेवल्यासारखं वाटत नाही. मालवणी कालवणात ओलं खोबरं, कोकम, आणि बांगड्यात तिरफळ. पहिल्या घासाला तुम्हाला ते फिक्कं वाटेल आणि तुमच्यातला एक जण नक्की "मावशी, मिरची टाका" म्हणेल. त्याला आवरा. नदीच्या माशाचा मातकट वास झाकायला आपण मसाला मारतो, ते बरोबरच आहे. ताज्या समुद्री माशाला झाकायचं काही नसतं. दोन दिवस तसंच खा, तिसऱ्या दिवशी तुम्हीच मिरची मागणार नाही. आणि कालवणात छोटी, टणक, तपकिरी फळं दिसतील ती तिरफळं. ती बाजूला काढायची असतात. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी दोन कडाकडा चावली आणि अर्धा तास जीभ सुन्न. समोरची मावशी पदराआड हसत होती, मला वाटलं झटका आला.

काट्यांचं भय तुम्हाला नको. रोहूच्या मांसात मधेमधे दुतोंडी बारीक काटे असतात. तेवढे जिभेने वेगळे करणारा माणूस समुद्रात कुठेच अडकणार नाही. सुरमईला मधला एक कणा, बांगड्यालाही तसंच. फक्त पेडव्यांना बारीक काटे पुष्कळ, ते कुरकुरीत तळलेले असले की चावून खायचे.

आता बार. इथे तुमचा थोडा गैरसमज आहे, तो आधी काढतो. तुम्हाला वाटत असेल की समुद्राकाठी लाकडी बाकं, जाळी टांगलेली, कोळी गाणी म्हणताहेत, तर तसलं जे दिसेल ते तुमच्यासाठीच, म्हणजे पाहुण्यांसाठी, उभारलेलं आहे. मच्छीमार दिवसभर समुद्रच बघतो. संध्याकाळी त्याला समुद्राकडे तोंड करून बसायचं नसतं. तो बसतो बाजारामागच्या गल्लीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, सनमायकाच्या टेबलावर. पाटी असते "परमिट रूम व बिअर बार", किंवा तीही धड वाचता येत नाही. आपल्या साकोली, पवनीच्या बसस्टँडामागे असतो अगदी तसा. फरक एवढाच की आपल्याकडे चखन्याला शेंगदाणे, चणे, उकडलेली अंडी, आणि तिथे बशीत मुडदुशी.

तो बार ओळखायच्या माझ्या काही खुणा आहेत. दारात चपला ओल्या, वाळू लागलेल्या. गर्दी रात्री नव्हे तर लिलाव उरकल्यावर, म्हणजे दुपारनंतर आणि संध्याकाळी लवकर. मच्छीमाराला पहाटे समुद्रावर जायचं असतं, तो रात्री अकरापर्यंत बसत नाही. मासळीचे एक-दोनच प्रकार, रोज वेगळे, आणि कधीकधी "आज मासळी नाय" असं स्पष्ट उत्तर. टीव्हीचा आवाज माणसांपेक्षा कमी. शोधायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सकाळी धक्क्यावर ज्याच्याशी बोललात त्यालाच विचारायचं, "दादा, संध्याकाळी तुमची मंडळी कुठं बसतात?" हॉटेलच्या मॅनेजरला विचारलंत तर तो मेव्हण्याच्या बारचं नाव सांगेल.

आत गेल्यावर एका कोपऱ्यात बसा. फोटो काढू नका. कोणाच्या ग्लासाचा, कोणाच्या चेहऱ्याचा तर मुळीच नको. आपल्या गावच्या बारमध्ये मुंबईचा कोणी येऊन आपले फोटो काढायला लागला तर? बोलायला सुरुवात करायची असेल तर तलावाचं सांगा. "आम्हीपण मच्छीवाले, डोंग्यातून फेकजाळं टाकतो" म्हटलं की त्यांची मान वळते. मामा तलाव, लिजवर तलाव घेणारी सहकारी संस्था, बोटुकली म्हणजे माशांची पिल्लं सोडणं, आंध्रातून येणारी बर्फाची मासळी आपला भाव कशी पाडते, हे सगळं त्यांना ऐकायचं असतं, कारण त्यांचंही दुखणं तसंच आहे. मोठ्या जाळ्यांच्या नौका आणि एलईडीचे झगझगीत दिवे लावून रात्री मासळी ओढणारे यांच्यावर लहान मच्छीमारांचा जुना राग आहे. एलईडीच्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी असूनही तो विषय मिटलेला नाही. विषय निघाला तर ऐका, बाजू घेऊ नका. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या बाजूचा माणूस बसलेला असतो, हे मी एकदा अनुभवलं आहे, तपशील राहू द्या.

जेवण आणि बार वेगळं ठेवा. चांगल्या घरगुती खानावळीत दारू चालत नाही, बहुतेकांच्या घरात बाया-मुलं वावरत असतात. पिशवीत बाटली नेऊन टेबलाखाली ओतू नका. आपल्या माणसांची ती खोड मला माहीत आहे.

माडीबद्दलही विचाराल. माडाच्या झाडाची ती माडी. आपली शिंदी प्यायलेल्या माणसाला चव ओळखीची वाटेल. सकाळची गोडसर, दुपारपासून आंबायला लागते, संध्याकाळी डोक्यात जाते. पण फक्त परवाना असलेल्या माडी केंद्रावर, आणि शक्य तर सकाळीच. ताडी-माडीच्या नावाखाली पाण्यात क्लोरल हायड्रेट घालून विकायचे प्रकार आपल्या राज्यात पुष्कळदा पकडले गेले आहेत आणि माणसं मेली आहेत. पिशवीत बांधून कोणी गल्लीत आणून दिली तर, मोहाची हातभट्टी जशी नाकारता तशीच नाकारा. नाकारता ना?

मालवणातून गोवा जवळ म्हणून तुम्ही जाणारच. गोव्यात जुन्या पद्धतीचा बार म्हणजे तावेर्न, एक खोली, दोन बाकं, काउंटरवर काचेच्या बरण्या. तिथे काजूची फेणी घ्या. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. वासाला उग्र, पण लिंबू, सोडा आणि मिठाबरोबर तळलेली कोळंबी असेल तर जमून जातं. हुर्राक मिळेल असं कोणी जानेवारीत म्हणालं तर हसून सोडून द्या. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार, ती बोंडं पिकतात तेव्हा, मार्च ते मे. फेणी त्यानंतरच्या दुसऱ्या ऊर्ध्वपातनाची, म्हणून ती बारा महिने टिकते.

पण येताना गोव्याची बाटली आणू नका. स्वस्त असते म्हणून मोह होतो. तिथल्या विक्रीची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्कचा तपासणी नाका आहे. रेल्वेत पिऊन गोंधळ घातला तर रेल्वे कायद्याचं कलम १४५ आहे. आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, तुमच्यातला सगळ्यात लहान कितीचा ते आधी बघा. आणि तुम्हाला तर दुप्पट सांभाळायला पाहिजे. नागपूरकडे येणारी गाडी वर्ध्यावरून येते, तो जिल्हा दारूबंदीचा. तुमच्या लाखांदूरहून थोडं पुढे गेलं की वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा, तिथे १९९३ पासून दारूबंदी. तिकडच्या जावयाला फेणी भेट देण्याचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो मालवणातच सोडून या.

प्यायल्यावर समुद्रात उतरू नका, हे मी ओरडून सांगतो. तुम्ही वैनगंगेत पोहता, मला ठाऊक आहे. नदी एका बाजूला ओढते, ती कुठे नेणार ते कळतं. समुद्र परतणाऱ्या लाटेबरोबर आत ओढतो आणि पायाखालची वाळूही काढून घेतो. पट्टीचे पोहणारेही त्यात जातात.

जायचं कसं, ते थोडक्यात. नागपूरहून मडगावकडे विशेष गाडी सोडतात, तिने कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. ती गाडी रोज नसते, तिकीट काढायच्या आधी वार बघून घ्या. गाडी मिळाली नाही तर मुंबईवरून. पाच दिवसांतले दोन तर प्रवासातच जातील, म्हणून मालवण सोडून देवगड, वेंगुर्ला, रत्नागिरी असं फिरत बसू नका. एकाच गावात तीन दिवस राहिलात तर दुसऱ्या दिवशी धक्क्यावरची माणसं ओळखतात आणि तिसऱ्या दिवशी मावशी तुमच्यासाठी चांगला तुकडा बाजूला ठेवते. मोटारसायकलवाल्याने रोज नवीन गाव केलं की त्याला सगळीकडे पाहुण्यांचंच ताट मिळतं.

घरच्यांसाठी सुकी मासळी आणा. सुकट, सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, सुके बांगडे. दाबल्यावर मऊ लागली, हाताला ओल लागली, तर घेऊ नका. ओल्या मालाचं वजन जास्त भरतं आणि तुम्ही मिठाच्या पाण्याचे पैसे देता. सोडे महाग असतात, थोडेच घ्या पण कोरडे, गुलाबीसर, तुटके नसलेले. दोन पिशव्यांत घट्ट बांधून मग डब्यात, नाहीतर रेल्वेच्या डब्यात भुसावळपर्यंत लोक तुमच्याकडे बघत राहतील. आंबाडीच्या भाजीत ते सोडे टाकून बघा. कोकणातल्या माणसाला हे सांगितलं तर तो कपाळाला हात लावतो, पण लागतात फार चांगले.

आणि बाजारात सुकी तिरफळं मिळतात. माझ्यासाठी पावशेर आणा, मागची संपली आहेत. साकोलीवरून जाताना खानावळीत थांबा, पैसे देतो आणि झिंग्यांचा रस्सा घालतो.